बॉल पायथन (घरी पाळतात तो आफ्रिकी अजगर) कारने पुण्याहून बंगळुरूला न्यायचाय, काचेच्या टाकीतच ठेवून नेला तर चालेल का? आदल्या रात्री उंदीर खाऊ घालणार आहे, म्हणजे वाटेत शांत पडून राहील.

टाकी नको. टाकी रिकामी करून सामानात टाका, साप कापडी पिशवीत न्या. पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय की आदल्या रात्री उंदीर खाऊ घालणार, म्हणजे साप वाटेत शांत पडून राहील. ते वाचलं म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

याच मुद्द्यावर माझा एका मित्राशी बरेच दिवस वाद होता. त्यानं ऐकलं नाही. मे महिन्यात, याच रस्त्यानं, आदल्या संध्याकाळी मोठा उंदीर खाल्लेली त्याची साडेतीन फुटी मादी पिशवीत होती. निपाणीच्या अलीकडे गाडीत कुजका वास सुटला. पिशवी सोडली तर अर्धवट पचलेला, केस सुटून आलेला फुगीर उंदीर, आणि त्याच ओल्या कापडात वेटोळं करून ती.

साप बाहेरच्या उबेवर अन्न पचवतो. एसी २२ वर असला की पचन मंदावतं आणि उंदीर पोटातच कुजायला लागतो. त्यात गाडीचे हादरे, अनोळखी वास. घाबरलेला साप आधी पोटातलं ओझं बाहेर टाकतो. त्याबरोबर आम्ल वर येतं, अन्ननलिका भाजते, अंगातलं पाणी जातं. श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया. त्या मादीला पुढचे चौदा दिवस फक्त पाण्यावर ठेवलं, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर दिला. वजन भरून यायला तीन महिने गेले.

त्यामुळे शेवटचं खाणं निघायच्या निदान सात दिवस आधी, मोठा घास असेल तर दहा. मधल्या काळात विष्ठा झालेली असली तर उत्तम. मोठा बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो, त्याची दया येऊन खाऊ घालू नका. पाणी मात्र निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत समोर असू द्या.

पिशवी म्हणजे जाड सुती उशीचा अभ्रा. तो उलटा करा, म्हणजे शिवणीचे सुटे धागे बाहेर राहतील; आत राहिले तर खवल्यांत आणि दातांत अडकतात. साप तळाशी गेला हे हातानं चाचपून बघा, वरचं कापड पिळा, दुमडा आणि केबल टाय लावा. शेपटी गाठीत सापडणं ही नेहमीची चूक आहे. पिशवी क्लिपच्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. डब्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना ३-४ मिमीची दहा-दहा भोकं हवीत, तापवलेल्या खिळ्यानं आतून बाहेर पाडलेली, म्हणजे धारदार कडा आत येत नाही. रिकाम्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. सापाला अंगाला लागून काहीतरी असलं की सुरक्षित वाटतं. काचेच्या प्रशस्त टाकीत तो प्रत्येक ब्रेकला भिंतीवर आपटतो. पाण्याचं भांडं आत ठेवू नका, सांडून कापड ओलं होतं.

डबा पुढच्या सीटमागे खाली किंवा मागच्या सीटवर बेल्ट लावून ठेवा. डिकीत नाही, तिथे एसीची हवा पोचत नाही. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, टोक डब्यात आणि आकडे डोळ्यांसमोर. २५ ते २९ अंश ठीक. ३२ च्या वर गेलं की लगेच एसी वाढवा, ३८ म्हणजे जिवावरचं. जेवायला सगळे एकदम उतरायचं नाही. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा अंश तापते. पहाटे चारला पुणं सोडलंत तर कोल्हापूरपर्यंत गारव्यात जाल. दर दोन तासांनी आकडा बघा, पिशवी उघडू नका. ‘बरा आहे ना बघू’ म्हणून पिशवी सोडली की साप सीटखालून डॅशबोर्डच्या आत शिरतो, मग गॅरेजमध्ये निम्मी गाडी खोलावी लागते.

हुबळीला मुक्काम केलात तर डबा खोलीत न्या. डास मारायचं लिक्विड मशीन बंद करा, कपाटातल्या आणि बेसिनमधल्या डांबरगोळ्या काढून टाका. हे सापाला बाधतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

कागद: बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये येतो, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. प्रमाणपत्राची प्रिंट सोबत ठेवा, डब्यावर ‘बिनविषारी’ आणि फोन नंबर लिहा. नाग, धामण, मांडूळ, आपला अजगर घरात असेल तर प्रवासाचा प्रश्नच नाही, तो पाळणंच गुन्हा आहे.

पोचल्यावर आधी टाकी लावा, गरम बाजूचं तापमान ३१-३२ वर स्थिर होऊ द्या, मगच साप सोडा. आठवडाभर हात लावायचा नाही. पहिला उंदीर त्यानंतर, तोही लहान.

डोळे निळसर झाले असतील, म्हणजे कात टाकायला आला असेल, तर प्रवास आठ-दहा दिवस पुढे ढकला. आणि हे सगळं मोठ्या सापाचं सांगितलं. वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर त्याच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. त्याच्या पिशवीत ओला करून घट्ट पिळलेला कागदी टॉवेल ठेवा, आणि उपास चार-पाच दिवसांचाच.