आवर्तसारणीच्या गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना मूलद्रव्यांची अभिक्रियाशीलता बदलते, ती प्रत्यक्ष पाहायची असेल तर नेमकं काय पाहायचं?

तुम्ही विचारलंय की सोडियम, पोटॅशियम असं खाली जाताना अभिक्रियाशीलता वाढते आणि क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन असं खाली जाताना ती घटते, हे उलटं का, आणि नुसतं पाठ न करता ते डोळ्यांनी पाहता येतं का. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. पाहता येतं. फक्त आपण काय पाहतोय हे आधी स्वतःशी स्पष्ट असायला हवं, कारण ‘अभिक्रियाशीलता’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात: अभिक्रिया किती वेगाने होते आणि तिच्यातून किती ऊर्जा बाहेर पडते. पुस्तकात या दोन्ही एकत्र केल्या जातात आणि तिथेच घोळ होतो.

‘उलटं का’ याचं उत्तर थोडक्यात असं. गण 1 मधले धातू बाहेरच्या कवचातला एकमेव इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. खाली जाताना तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो आणि सहज सुटतो. तो काढायला लिथियमच्या बाबतीत मोलमागे (म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येमागे) सुमारे 520 किलोज्यूल लागतात, सोडियमला 496, पोटॅशियमला 419, सीझियमला 376. हॅलोजनांचं, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीनच्या गणाचं, काम नेमकं विरुद्ध, त्यांना इलेक्ट्रॉन घ्यायचा असतो. अणू मोठा होत गेला की बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनवरची केंद्रकाची पकड सैल होते. कारण एकच आहे, देणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं आणि घेणाऱ्याच्या मुळावर येतं.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे येऊ. पसरट काचपात्रात पाणी, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (पाणी अल्कधर्मी झालं की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब, मध्ये सुरक्षा-काच, आणि रॉकेलमधून काढून टिपकागदाने पुसलेला सोडियमचा बारीकसा तुकडा. पाण्यावर पडताच त्याची चकचकीत गोळी होते आणि ती सुं-सुं करत पृष्ठभागावर सैरावैरा धावते. ती जिथून गेली तिथे गुलाबी रेघ उमटते. लिथियम टाकलं तर ते तरंगत राहतं, शांतपणे बुडबुडे सोडतं आणि त्याचा आकार शेवटपर्यंत ओबडधोबडच राहतो. पोटॅशियम पाण्याला लागताक्षणी फिक्या जांभळ्या ज्योतीने पेटतं. (हे प्रयोग शिक्षकांनीच करायचे. आणि पिवळट साल धरलेलं जुनं पोटॅशियम कोणीही कापू नये. त्या सालीत सुपरऑक्साइड असतं आणि कापताना स्फोट होऊ शकतो.)

हे पाहून सगळे म्हणतात, लिथियम सर्वांत दुबळं. पण आकडे वेगळं सांगतात. पाण्याशी अभिक्रिया होताना एक मोल लिथियममागे सुमारे 222 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, सोडियममागे 184 आणि पोटॅशियममागे 196. म्हणजे या तिघांत सर्वांत जास्त ऊर्जा लिथियमचीच. प्रमाण इलेक्ट्रोड विभवही (द्रावणात धातू किती सहज इलेक्ट्रॉन देतो याचं माप, जितकं ऋण तितकं सहज) त्याचाच सर्वांत ऋण आहे, उणे 3.04 व्होल्ट. सोडियमचा उणे 2.71. लिथियमचा आयन इतका लहान असतो की पाण्याचे रेणू त्याला फार घट्ट वेढतात, आणि त्या वेढण्यातून सुटणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन काढण्याचा जादा खर्च भरून काढते.

मग ते संथ का? एक कारण तर काचपात्रातच दिसलं होतं. सोडियम 98 अंश सेल्सिअसला वितळतं, पोटॅशियम 63.5 अंशांना. अभिक्रियेच्या उष्णतेने दोन्ही वितळतात आणि पाण्याला सतत नवा पृष्ठभाग मिळत राहतो. लिथियमला वितळायला 180 अंश लागतात, त्यामुळे तो तुकडा घनच राहतो. शिवाय त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटणंही अवघड. म्हणून पुस्तकातलं ‘खाली जाताना वाढते’ हे वाक्य वेगाबद्दल खरं आहे, ऊर्जेबद्दल नाही. माझ्या मते हे अकरावीच्या पहिल्याच महिन्यात सांगायला हवं. नाहीतर बारावीला इलेक्ट्रोड विभवाचा तक्ता समोर आला की मुलांचा पुस्तकावरचा विश्वासच उडतो.

आणि अभिक्रिया कोणाशी, हेही विचारावं लागतं. खोलीच्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनशी संयोग पावणारा या गणातला धातू एकच, लिथियम. तिथे सोडियम-पोटॅशियम ढिम्म.

जाता जाता, हा जुनाच प्रयोग अजून संपलेला नाही. 2015 मध्ये प्रागच्या संशोधकांनी सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. एका मिलिसेकंदाच्या आत थेंबातून धातूचे काटे बाहेर फुटताना दिसले. इलेक्ट्रॉन पाण्यात निघून गेले की मागे राहिलेले धन प्रभार एकमेकांना ढकलतात आणि थेंबच फाटतो. स्फोट निव्वळ हायड्रोजन पेटल्याने होतो, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरली.

गण 2 पाहायला सोपा आणि कमी धोक्याचा. मॅग्नेशियमची फीत सँडपेपरने घासून फिनॉल्फ्थॅलीन घातलेल्या थंड पाण्यात ठेवली तर बराच वेळ काही घडत नाही, मग तिच्या कडेला हलकी गुलाबी छटा दिसू लागते. कॅल्शियमचा तुकडा आधी तळाशी जातो, मग बुडबुडे त्याला वर उचलतात आणि पाणी दुधाळ होतं. इथेही अणुत्रिज्या ही अर्धीच गोष्ट. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतं आणि धातूवरच थर धरून बसतं, कॅल्शियमपासून बनणारा चुना त्यामानाने जास्त विरघळतो.

हॅलोजनांसाठी प्रयोगशाळेत विस्थापन करून पाहा, म्हणजे एक हॅलोजन दुसऱ्याला त्याच्या संयुगातून हुसकावतो का ते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचं पाणी घातलं की ते पिवळं-नारिंगी होतं, आयोडाइडमध्ये घातलं की तपकिरी. ब्रोमीनचं पाणी आयोडाइडमधून आयोडीन काढतं. आयोडीन मात्र कुणालाच हलवत नाही. तपकिरी आणि नारिंगी यांत गोंधळ होत असेल तर थोडं सायक्लोहेक्झेन घालून हलवा: ब्रोमीन असेल तर वरचा थर नारिंगी, आयोडीन असेल तर जांभळा. फ्लोरीन या मालिकेत शिरोमणी, पण त्याचं कारण इलेक्ट्रॉन-आसक्ती (इलेक्ट्रॉन घेताना मोलमागे किती किलोज्यूल सुटतात ते) नाही. त्या बाबतीत क्लोरीन (349) फ्लोरीनच्या (328) पुढेच आहे. फ्लोरीनच्या रेणूतला बंध कमकुवत, मोलमागे जवळपास 158 किलोज्यूलचा, क्लोरीनचा 242 चा. तो चटकन तुटतो आणि नवे बंध फार मजबूत होतात. घरी ब्लीच आणि आम्ल मिसळून क्लोरीन तयार करायला अजिबात जाऊ नका. तो वायू विषारी आहे.

घरी करण्याजोगा प्रयोग हवा असेल तर तिसऱ्या आवर्तातला (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीतला) ॲल्युमिनियम घ्या. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असं उजवीकडे जाताना धातू थंड होत जातात असं वाटतं, आणि पाण्यात ॲल्युमिनियम तर मेल्यासारखा पडून राहतो. ते काम त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचं. त्या थराआडचा धातू पाहायला मोरचूद (कॉपर सल्फेट) लागेल, ते कृषी सेवा केंद्रात मिळतं. द्राक्षबागायतदारांना ते चांगलं ठाऊक आहे. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) तयार झालं की ते त्यात विळ्याचं पातं बुडवतात आणि पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालतात. तिथे लोखंड तांब्याला द्रावणाबाहेर काढतं.

काचेच्या दोन जुन्या ग्लासांत मोरचुदाचं सारखंच निळं द्रावण करा. एकात चमचाभर मीठ विरघळवा. दोन्हींत ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी सोडा. बिनमिठाच्या ग्लासात बराच वेळ सामसूम असते. मिठाच्या ग्लासात काही मिनिटांतच फॉइलला भोकं पडू लागतात, विटकरी तांबं साचतं, बुडबुडे येतात, ग्लास हाताला गरम लागतो आणि निळा रंग फिका होत जातो. क्लोराइडने तो थर फोडला, की आतला ॲल्युमिनियम किती तडफदार आहे ते कळतं.

हातमोजे घाला, ग्लासावर झाकण ठेवू नका, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, आणि जवळ ज्योत नको. ते ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, मोरचूद माशांना घातक असतं. जमलं तर दोन्ही ग्लासांत थर्मामीटर ठेवून दर मिनिटाला तापमान लिहा आणि आलेख काढा. वक्राचा चढ वेग सांगेल आणि एकूण तापमानवाढ ऊर्जेचा अंदाज देईल.