जपानला शिकवायला चाललेय, पळणं सुटेल का?

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची, साताऱ्याची. एम.ए. इंग्लिश झालंय आणि आता जेट प्रोग्राममधून, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत बोलावणाऱ्या जपान सरकारच्या योजनेतून, एएलटी म्हणून, म्हणजे शाळेत इंग्लिशच्या तासाला मदतीची टीचर म्हणून जपानला चाललेय. एहिमे प्रांतातलं छोटं गाव मिळालंय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केलीय, पळणं सोडायचं नाहीये. फिरायचंय पण भरपूर आणि टोकियो मॅरेथॉन तर करायचीच आहे. आई म्हणते नोकरीत लक्ष घाल, पैसे साठव. सगळं जमेल का? मी शाकाहारी आहे, त्याचं काय करू तेही सांगा.

उत्तर: जमेल गं. मी शिकोकू बेटावरच, तुझ्या शेजारच्या प्रांतात तीन वर्षं शिकवत होते, तुझं पत्र वाचताना ती शाळा, ते शेतातले रस्ते सगळं डोळ्यासमोर आलं.

आधी टोकियोचं. तिथे लॉटरी असते, जागांच्या कितीतरी पट अर्ज येतात, मी तीन वर्षं भरला आणि तिन्ही वर्षं नंबर लागला नाही. तू भर, पण त्याच्या भरवशावर वर्ष बांधू नकोस. तुझ्याच प्रांतात मात्सुयामाला फेब्रुवारीत एहिमे मॅरेथॉन असते, ती कर. आणि पळून झालं की त्याच शहरात दोगो ओनसेन आहे, गरम पाण्याचं जुनं स्नानगृह, मुख्य इमारत १८९४ ची. ४२ किलोमीटर पळून त्या पाण्यात पाय सोडून बसलीस की कळेल मी का सांगतेय ते.

पण सगळ्यात आधी शाळेतली रेस. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तिकडे हिवाळ्यात बऱ्याच शाळांत मुलांची मॅरेथॉन असते, नाव मॅरेथॉन पण अंतर दोन-पाच किलोमीटर, आधी काही आठवडे पीटीच्या तासाला सराव चालतो. तू त्या सरावाला जा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तासाला कधी तोंड उघडायची नाही, प्रश्न विचारला की मान खाली. सरावाला मी तिच्या शेजारून पळायला लागले, दोघीही गप्पच. रेसच्या दिवशी मी शेवटच्या वळणावर उभी, ती आली, गाल लालबुंद, आणि तिनेच मला ओरडून सांगितलं, "टीचर, रन!" मग काय, मी तिच्याबरोबर गेटपर्यंत पळाले. पुढच्या आठवड्यात ती तासाला बोलली. तेव्हा आईला सांग की पळणं हा नोकरीत लक्ष घालण्याचाच भाग आहे, मी हे मनापासून म्हणतेय.

मोठ्यांसाठी एकिदेन असते, रिले रेस. हातात काठी नसते, अंगावर आडवा घातलेला कापडी पट्टा, तासुकी म्हणतात, तो काढून पुढच्याला द्यायचा. २ आणि ३ जानेवारीला टीव्हीवर हाकोने एकिदेन लागते, कॉलेजच्या टीम्स, दोन दिवसांत दहा टप्पे, साधारण २१७ किलोमीटर, १९२० पासून चालत आलेली. ती नक्की बघ. एखादी टीम फारच मागे पडली तर पुढच्या मुलाला वाट न बघता सोडतात आणि तो वेगळा पट्टा घालून निघतो, आपल्या टीमचा तासुकी पोचलाच नाही म्हणून मागचा मुलगा रस्त्यावर कोसळून रडतो, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वयस्कर सर त्याच्याबद्दल बोलताना डोळे पुसतात. गावच्या एकिदेनमध्ये शिक्षकांची टीम असेल तर आपणहून नाव दे, जपानी येत नसलं तरी.

आता रेसचे नियम. वाटेत ठरावीक अंतरावर सेकिमोन असतात, म्हणजे वेळेची गेटं. वेळ झाली की दोरी लावतात आणि तुला बसमध्ये बसवतात, अगदी नम्रपणे, पण बसवतात. माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनला ३० किलोमीटरच्या पुढे हे झालं, मी फक्त शेवटची वेळ बघितली होती, मधल्या गेटांचा तक्ता वाचलाच नव्हता. तू तो तक्ता हातावर लिहून घे. फॉर्म चार-पाच महिने आधी भरावे लागतात, जपानीत असतात, शाळेतल्या कुणाला तरी शेजारी बसवून भर. सीझन ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात दमटपणा कोकणासारखा, २०२१ च्या ऑलिम्पिकची मॅरेथॉन त्याच उन्हाच्या भीतीने टोकियोतून साप्पोरोला हलवली होती, तर ऑगस्टमध्ये पहाटे पाचलाच पळून ये.

प्रवासाचं म्हणशील तर शिकोकूत शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नाहीच. ओसाकाला रात्रीची बस पकडायची, झोप होते, हॉटेलचे पैसे वाचतात. शाळेच्या सुट्टीत सेइशुन १८ तिकीट काढ, नावात १८ असलं तरी वयाची अट नाही, साध्या लोकल गाड्यांनी देशभर फिरता येतं, फक्त २०२४ च्या हिवाळ्यापासून दिवस सलग वापरावे लागतात. एका रविवारी रेस, पुढचे दोन रविवार घरी, असं ठेवलंस तर पगार उरतो आणि सोमवारी वर्गात उभं राहायला पाय पण उरतात.

जेवण जरा कठीण आहे. भाज्यांच्या सूपमध्ये, उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, रश्शात सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, दाशी. दुकानात उमेबोशी घातलेली ओनिगिरी मिळते, भाताचा त्रिकोणी गोळा आणि आत खारवलेलं आंबट फळ, पण त्यातही कधी कधी कात्सुओ मासा असतो, पाकिटावरची त्याची कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतली अक्षरं, ओळखायला शिक. रेसच्या आदल्या रात्री मी घरूनच मुगाची खिचडी डब्यात न्यायचे. छोटा कुकर, हिंग, मेतकूट बॅगेत टाक. आणि कुठूनही फिरून आलीस की स्टाफरूमसाठी तिथल्या मिठाईचा खोका आण, प्रत्येकाच्या टेबलावर एक एक ठेव, सोमवारी सगळे विचारतील किती वेळ लागला म्हणून.