परभणीच्या उन्हात टर्बो पेट्रोल गाडी टिकते का? इंजिनाला नेहमीचे त्रास कोणते होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ ची स्कोडा कुशाक, १.० टीएसआय (कंपनीचं एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), मॅन्युअल गिअर, साठ हजार किलोमीटर चाललेली, परभणीत मिळतेय. महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला जाणं होतं. लोक सांगतात की टर्बो पेट्रोलला आपल्याकडचं ऊन झेपत नाही आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला की गाडी भंगारात. यात खरं किती?

लातूरला माझं गॅरेज आहे, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. नुसत्या उन्हाने टर्बो गेलेली गाडी माझ्याकडे आलेली नाही. ऑईलकडे दुर्लक्ष करून घालवलेले टर्बो मात्र पुष्कळ आले. तेव्हा मीटरवरचा आकडा बाजूला ठेवा आणि मालकाकडे आधी सर्व्हिसची बिलं मागा.

इंजिन तीन सिलिंडरचं, ९९९ सीसी. पॉवर ११५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), टॉर्क म्हणजे ओढण्याची ताकद १७८ न्यूटन मीटर. पण कागदावर बघायचं ते टॉर्क कुठून सुरू होतो हे. इथे पूर्ण टॉर्क १७५० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मिळतो आणि ४५०० पर्यंत टिकतो. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या स्विफ्टचं चार सिलिंडरचं १.२ लिटर साधं पेट्रोल इंजिन ११३ न्यूटन मीटर देतं, तेही ४००० च्या वर गेल्यावर. जुन्या स्विफ्ट डिझेलचा टॉर्क १९० होता, २००० आरपीएमला. म्हणजे टर्बो पेट्रोलची ओढ डिझेलच्या जवळ जाते. बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर लहान डिझेल गाड्या बंद होत गेल्या आणि डिझेलवाले इकडे वळले, त्याचं कारण हेच. व्हेन्यूचं ९९८ सीसी टर्बो १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटरचं, नेक्सॉनचं ११९९ सीसीचं १२० पीएस आणि १७० चं. सगळी एकाच पंक्तीतली.

पण डिझेलवाल्यांसोबत डिझेलची सवयही आली, आणि खरा घोळ तिथे होतो. बोलेरो, स्कॉर्पिओ चालवलेला माणूस पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला गाडी ठेवतो आणि समोरचा उसाचा ट्रॅक्टर ओव्हरटेक करायला तशीच दाबतो. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणं) असलेल्या पेट्रोल इंजिनात असं कमी आरपीएमला जास्त लोड टाकलं, तर प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. ऑईलचे थेंब आणि कार्बनचे कण त्याला निमित्त होतात. दाब एकदम चढतो, आणि वारंवार झालं तर पिस्टनची रिंगांजवळची कड तुटते. या त्रासासाठी ऑईलची रचनाच बदलावी लागली. ऑईलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस हा दर्जा आणला, २०२० मध्ये एसपी. दोन्हीत या आगाऊ पेटण्याची चाचणी आहे. जुन्या ऑईलमध्ये कॅल्शियमवाली डिटर्जंट जास्त असत आणि ती या पेटण्याला हातभार लावत, म्हणून त्यातला काही भाग मॅग्नेशियमवर नेला. कोपऱ्यावरच्या दुकानात डब्यावर नुसतं ‘पेट्रोल कारसाठी’ लिहिलेलं स्वस्त ऑईल मिळतं, ते या इंजिनात टाकू नका. मॅन्युअलमध्ये ग्रेडसोबत कंपनीचा मंजुरी कोड छापलेला असतो, तोच डब्यावर शोधायचा. आणि ओव्हरटेक करताना एक गिअर खाली घ्यायचा, एवढं साधं आहे.

आता टर्बोचं बघू. एका शाफ्टवर दोन पंखे. एक्झॉस्टचा गॅस एक पंखा फिरवतो, दुसरा हवा दाबून इंजिनात भरतो. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जाऊ शकतो आणि पेट्रोल गाडीत एक्झॉस्टचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं. शाफ्ट बॉल बेअरिंगवर नसतो बहुतेक वेळा, ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणजे ऑईल उशिरा पोचलं, कमी पोचलं किंवा घाण पोचलं, की बेअरिंग खाल्लंच म्हणून समजा.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून यात एक नवी भर पडली आहे. जालन्याला चढायचं, तासभर १२० ने दामटायची, आणि पंपावर शिरून लगेच चावी बंद. ऑईल पंप इंजिनासोबत थांबतो. टर्बोच्या घरात राहिलेलं ऑईल तापलेल्या तव्यावर तेल करपावं तसं करपतं आणि नळीत काळा थर धरतो. असं वर्षभर झालं की नळीचं भोक बारीक होतं. हल्लीच्या इंजिनांत टर्बोभोवती पाणी फिरतं, म्हणून धोका पूर्वीइतका राहिलेला नाही, पण संपलेलाही नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर निवांत चालवा किंवा मिनिटभर आयडलवर ठेवा. बाजारात जाऊन आल्यावर मिनिट मोजत बसायची गरज नाही. गाडी बंद केल्यावर बोनेटखालून घरघर ऐकू आली तर घाबरूही नका, पंखा किंवा छोटा इलेक्ट्रिक वॉटर पंप उष्णता काढत असतो. काही जण त्या आवाजाला भिऊन बॅटरीची वायर काढायला निघतात!

उन्हाचा प्रश्न खरा आहे, पण तो कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाजूने येतो. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ ला असतो. कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली दिसली की आपल्याकडे लोक सरळ बोअरचं पाणी ओततात. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथल्या बोअर किती खोल गेल्यात याचा अंदाज त्यावरून करा, आणि खोलवरचं पाणी बहुधा जडच. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि टर्बोच्या पाण्याच्या वाटेत बसतात. गरम पाण्याची बादली आतून पांढरी झालेली तुम्ही पाहिलीच असेल, इंजिनातही तेच होतं. कूलंट कंपनीचं, तयार मिश्रणाचं घ्या. अडलंच तर डिस्टिल्ड पाणी.

या टीएसआय कुटुंबात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) प्लास्टिक घर एकत्र असतं आणि ते गळणं ही बाहेरच्या देशांतही ओळखीची तक्रार आहे. थेंब थेंब गळतं, गरम इंजिनावर वाळतं, खाली डाग पडत नाही. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी पाहा आणि पंपाच्या बाजूला टॉर्च मारून गुलाबी-पांढरी पापडी धरलीय का ते बघा.

२०२१ चं मॉडेल आहे म्हणून आणखी एक. कुशाकच्या सुरुवातीच्या गाड्यांत फ्युएल पंपाची तक्रार आली होती. मीटरवर ईपीसीचा (इंजिनाच्या ताकदीच्या नियंत्रणात बिघाड सांगणारा) दिवा लागायचा आणि गाडीची ताकद जायची. कंपनीने ते जाहीर मान्य करून अधिक मजबूत पंप बसवून दिले. तुम्ही बघताय त्या गाडीत तो बदलला का, हे चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरला कळतं.

टायमिंगबद्दल, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या चेन किंवा बेल्टबद्दल, लोक फार घाबरवतात. जुन्या १.२ टीएसआय पोलोत टायमिंग चेन होती आणि ती ताणली जायची. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये बेल्ट ऑईलमध्येच बुडालेला असतो, तो झिजला की त्याचे तुकडे ऑईलच्या गाळणीत जाऊन अडकतात. तुमच्या १.० टीएसआयमध्ये बेल्ट आहे आणि तो कोरडा आहे. साठ हजारांवर त्याची चिंता नको.

‘गाडी पहिल्यासारखी वढत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत टर्बो खराब निघतो तो क्वचितच. बहुतेक वेळा हवेचा होज क्लिपमधून सुटलेला किंवा चिरलेला असतो, पाय दाबला की फुस्स आवाज येतो. नाहीतर प्लग किंवा इग्निशन कॉईल गेलेली असते. टर्बो इंजिनात सिलिंडरमधला दाब जास्त, ठिणगीला जास्त जोर लागतो, म्हणून प्लग साध्या इंजिनापेक्षा लवकर थकतात. आणि एअर फिल्टर. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हा गावाकडच्या गाड्यांचे फिल्टर पाहा एकदा, अक्षरशः भुसा निघतो. फिल्टर नीट न बसवल्यामुळे बाजूने धूळ गेली तर ती थेट टर्बोच्या हवा दाबणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर जाते. यातल्या कशाचंही बिल टर्बोइतकं होत नाही. टर्बो बदलायचा म्हटलं तर खर्च सहज पाच आकडी, काही गाड्यांत लाखाच्या पलीकडे. म्हणून स्कॅनर न लावता ‘टर्बो गेला’ म्हणणाऱ्या मिस्त्रीपासून दूर राहा. आणि खरंच गेला असेल तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. ऑईलची नळी चोंदलेली तशीच ठेवली तर नवाही त्याच वाटेने जातो.

डायरेक्ट इंजेक्शनची आणखी एक खोड आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साठतो. नेक्सॉनच्या इंजिनात पेट्रोल आधी मॅनिफोल्डमध्ये (व्हॉल्व्हच्या आधीच्या हवेच्या नळीत) सुटतं, तिथे हा त्रास कमी. टाकीत ओतायच्या बाटल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाहीत, तेवढे पैसे वाचवा. पुण्याच्या फेऱ्या असल्याने तुमची गाडी मोकळी चालेल, तुम्हाला याचा जाच कमी होईल.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. थंड इंजिन स्टार्ट करा, गरम झाल्यावर पाच मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग एकदम रेस द्या. निळा धूर मागे आला तर ऑईल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगांतून. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमवरून पूर्ण दाबा. ओढ एकसारखी चढायला हवी. झटके नकोत, शिट्टी नको. स्कॅनरवाला सोबत नेलात तर मागितलेलं बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेलं बूस्ट हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला सांगा, दोघांत मोठा फरक नको. शक्य असेल तर हवेचा पाइप काढून टर्बोच्या पंख्याला हात लावायचा. बाजूला किंचित हललेलं चालतं, पुढे-मागे हललं तर गाडी सोडून द्या.

बिलांत ऑईल दर वर्षी किंवा १५ हजारांवर बदललेलं दिसायला हवं, कंपनीचं वेळापत्रक तेवढंच आहे. आपल्याकडचं ऊन, धूळ आणि रोजच्या छोट्या फेऱ्या पाहता मी माझ्या गिऱ्हाइकांना दहा हजारांवरच बदलायला लावतो. मधलं एखादं बिल नसेल आणि मालक म्हणाला ‘बाहेर केलं होतं’, तर बाहेर कोणतं ऑईल टाकलं ते विचारा. उत्तर अडखळत आलं तर किंमत पाडून घ्या. दोन बिलं नसतील तर दुसरी गाडी शोधा.

राहिलं इथेनॉल. पंपावर आता २० टक्के मिश्रण आहे, ते आपल्याच उसातून आणि मक्यातून येतं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने टर्बो इंजिनाला नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी पेटून होणाऱ्या ठकठकीच्या) बाजूने ते त्रासाचं नाही. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं पडतं. प्रश्न रबर आणि सीलचा. ई-२० ला (या २० टक्के मिश्रणाला) चालणारे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना सक्तीचे झाले, तुमची गाडी २०२१ ची आहे. चासी नंबर देऊन कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फ्युएल पंपाचं विचारायला तोच नंबर द्यायचा आहे, दोन्ही एकाच ईमेलमध्ये होईल.