अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणून करिअर होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की भाचा न्यू जर्सीतल्या एडिसनला दहावीत आहे, उंची सहा फूट, वजन ११० किलो, आणि कोचने त्याला डिफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे समोरच्यांचा हल्ला थोपवणाऱ्या पुढच्या रांगेत, घेतलंय. पुढे विचारलंय, "नुसती ढकलाढकली करून यात काही भविष्य आहे का, की बहिणीला समजावू?" भविष्याचं सांगते. आधी ते "नुसती ढकलाढकली" बघू.

आम्ही पिट्सबर्गच्या पूर्वेला राहतो. आमचा थोरला हायस्कूलची चार वर्षं डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे त्या रांगेतला मधला, होता, त्यातली दोन नोज टॅकल, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या समोरच्या सेंटरच्या अगदी नाकासमोर. तो अकरावीत असताना मोठे दीर पुण्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्यांना सामन्याला घेऊन गेलो. थंडी मरणाची, बसायला लोखंडी बाकडी, माझ्या मांडीवर चहाचा थर्मास. भाऊजींचा पहिला प्रश्न, "आपला कुठला?" दुसरा प्रश्न, "त्याच्याकडे बॉल कधी येणार?" कधीच नाही म्हटल्यावर त्यांचा निम्मा रस गेला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये फोर्थ अँड वन आली, म्हणजे चौथी, शेवटची संधी. समोरच्यांना एक यार्ड हवा होता, आणि चेंडू मधूनच येणार हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक होतं. सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड दोघं एकदम थोरल्यावर आले. दोघं मिळून सव्वादोनशे किलो तरी असतील. तो मागे हटला नाही. एक गुडघा टेकला, जागेवरच ढीग केला. मधली वाट बुजली, आमच्या मागच्या फळीतला लाइनबॅकर मोकळाच राहिला होता, त्याने येऊन चेंडूवाल्याला आडवं केलं. माइकवर लाइनबॅकरचं नाव पुकारलं. बँड वाजला. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्याने काय केलं? तो तर पडला."

घरी जेवताना कढी वाढत होते तेव्हा पुढचं वाक्य आलं. "एवढं शिकून अमेरिकेत आलात आणि पोराला हमालीला लावलंत." थोरला समोरच बसला होता. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून डाचतं.

कारण हमाली म्हणजे काय ते मला भाऊजींपेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या वडिलांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. सुट्टीत मी गाळ्यावर बसायचे. पोतं घेताना जुना हमाल आधी गुडघ्यात बसायचा, कंबर ओझ्याखाली न्यायचा, पाय रोवायचा, मग उठायचा. कमरेत वाकून उचलणारा नवखा दोन दिवसांत घरी बसायचा, मग अंगात कितीही ताकद असो. थोरल्याचा कोच चार वर्षं हेच ओरडत होता, "लो मॅन विन्स." जो खाली, तो जिंकला. तेव्हा हमाली म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण ती कशी करतात ते आधी यार्डात जाऊन बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने मला फोनवर ती क्लिप दाखवली. चेंडू सुटण्याच्या क्षणी थांबवून म्हणाला, "आई, माझे हात बघ." सेंटरचे हात बाहेर, याच्या खांद्यांवर. याचे दोन्ही हात आत, सेंटरच्या छातीवर पॅडच्या खालच्या कडेला, अंगठे वर, कोपरं अंगाशी. पुढच्या फ्रेममध्ये बाजूचा गार्ड धडकतो, तर याने त्याच्याकडे खुबा फिरवून ठेवलेला. पहिलं पाऊल जेमतेम वीतभर. हे सगळं एका सेकंदाच्या आत. ढकलाढकली म्हणे.

आता मोठ्या माणसाचं उदाहरण. पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सचं बालाजी मंदिर अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी लोकांनी पाहिलंय. त्याच पेन हिल्सच्या हायस्कूलमधून ॲरन डोनाल्ड निघाला. बारा वर्षांचा असल्यापासून वडील पहाटे साडेचारला उठवून घराच्या तळघरात व्यायामाला न्यायचे. कॉलेजही इथलंच, पिट, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठ. २०१३ मध्ये डिफेन्सच्या खेळाडूला मिळणारे बहुतेक सगळे मोठे पुरस्कार त्याने घेतले, तरी 'बुटका आहे' ही कुजबुज होतीच. उंची सहा फूट एक इंच, वजन १२९ किलो, आणि त्या जागेवर १३६ किलोच्या वरची माणसं सर्रास असतात. चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत पळून दाखवल्यावरही २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात त्यात, तेराव्या क्रमांकावर गेला. पुढे दहा हंगाम, दहाही वर्षी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, तीनदा लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू, १११ सॅक, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं. २०१८ मध्ये एकाच हंगामात २०.५, तेही आतल्या बाजूने, जिथे रोज दोघं अंगावर येतात. त्याच वर्षी सहा वर्षांचा १३५ दशलक्ष डॉलर्सचा करार. मार्च २०२४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी, अजून उत्तम खेळत असताना, थांबला.

आणि भाऊजींसाठी खास. फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, डोनाल्डचे रॅम्स २३, बेंगाल्स २०, शेवटचं मिनिट. इथेही समोरच्यांची फोर्थ अँड वन. डोनाल्ड आत घुसला, त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याला धरून गरकन फिरवलं, पडता पडता बरोने चेंडू कसाबसा फेकला, तो कुणालाच मिळाला नाही. किताब तिथे जिंकला. त्या सामन्यात डोनाल्डच्या नावावर दोन सॅक आहेत, पण त्यांत ही नाही. कागदावर तो नुसता एक अपूर्ण पास आहे. विचारा, "आपल्याने काय केलं?"

बरं, भविष्य. हायस्कूलमध्ये दरवर्षी दहा लाखांच्या आसपास मुलं हा खेळ खेळतात आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये वर्षाला अडीचशेच्या थोडे वर नावं पुकारली जातात, सगळ्या जागा मिळून. गणित तुम्हीच करा. जो पोहोचतो त्याला पहिल्या वर्षी किमान ८,४०,००० डॉलर्स (२०२५ चा आकडा) मिळतात, पण खेळाडूंची संघटना सांगते ती सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नाही. म्हणजे पगार ऐकून भाच्याला यात घालू नका, आणि पगार मिळणार नाही म्हणून बाहेरही काढू नका. कॉलेजची फी या खेळावर निघू शकते, तेवढी आशा ठेवायला हरकत नाही. वजनाच्या जोरावर मात्र काही होत नाही. ११० किलोची पोरं प्रत्येक शाळेत असतात.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. थोरल्याचा खेळ बारावीत संपला. तो एकाशी झुंजत असताना दुसरा बाजूने गुडघ्यावर पडला, लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. भाऊजींचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य "सांगितलं होतं ना" हेच होतं. शिवाय डोक्याचा प्रश्न आहेच. लाइनवर जवळजवळ प्रत्येक डावात डोकी आपटतात. सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, फुटबॉल खेळाडूच्या मेंदूत पहिल्यांदा सापडला तोही लाइनवरचाच, आमच्या पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचा सेंटर माइक वेबस्टर. तो २००२ मध्ये गेला आणि इथल्याच डॉ. बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मध्ये तो आजार निघाला. ते मेंदू बहुतेक शंका आली म्हणूनच घरच्यांनी दिले होते, त्यामुळे सरसकट सगळ्यांना होतो असा अर्थ काढू नका, पण बहिणीला हे माहीत हवं. मी पुन्हा खेळू दिलं असतं का? दिलं असतं. नवरा नाही म्हणतो. आमच्यात यावर एकमत नाही.

समजवायचंच असेल तर बहिणीला एवढं सांगा की सामन्याचा व्हिडिओ काढताना चेंडूमागे फोन फिरवू नकोस, पोराच्या हातांवर धर. आणि तुम्ही मामा आहात, नाशिकहून फोन कराल तेव्हा किती टॅकल झाले, म्हणजे किती जणांना पाडलं, हे विचारू नका. दोघं अंगावर आले होते का, ते विचारा.

भाऊजींचं इथे खातं आहे, वाचतीलच. भाऊजी, ती क्लिप माझ्या फोनमध्ये अजून आहे. अकरा सेकंदांची आहे, म्हणाल तेव्हा पाठवते.