रंग देऊनही भिंतीला बुरशी परत येते, एअर प्युरिफायर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागेत तळमजल्यावर भाड्याने राहता. दिवाळीत रंगवलेल्या बेडरूमच्या भिंतीवर श्रावणात पुन्हा काळे ठिपके आले, खोलीला कुबट वास आहे आणि बाळाची सर्दी हटत नाही. प्युरिफायर आत्ता घेऊ नका. तो हवेतले बुरशीचे कण पकडेल, पण ओल कमी करणार नाही. भिंत ओली आहे तोवर बुरशी वाढतच राहणार. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

मला हे २०१९ च्या पुराने शिकवलं. आमचं घर सांगलीतच, गावभागात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खालच्या खोल्यांत छातीभर पाणी. गाळ काढला, भिंती धुतल्या आणि दसऱ्याच्या आत घर उजळायचं म्हणून घाई केली. भिंत दिसायला कोरडी होती, पण तळहात ठेवला की गार लागायची. रंगाऱ्याने भरवसा दिला म्हणून वॉटरप्रूफ पुट्टी आणि वर चकचकीत रंग मारून घेतला. संक्रांतीपर्यंत कपाटामागे रंगाला फुगे आले. नखाने टोकरलं तर पापडासारखा पापुद्रा हातात आला आणि आतली बाजू काळी, ओलीगच्च. ओल आतच कोंडली होती. त्या थंडीत सासूबाईंचा दमा किती वाढला होता, ते मी विसरणार नाही. शेवटी सगळी पुट्टी खरवडली, पूर्ण उन्हाळा भिंती उघड्या ठेवल्या आणि मग साधा चुना दिला. चुना बुरशीला मानवत नाही आणि त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा पुढचा उन्हाळा सरेपर्यंत कोणी कितीही म्हटलं तरी रंगाचं नाव काढलं नाही.

तुमच्या भिंतीसाठी एक सोपी परीक्षा आहे. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा वीतभर चौकोन ठिपक्यांशेजारच्या स्वच्छ जागी लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येतेय: पलीकडच्या बाथरूमचा पाइप गळत असेल, जमिनीतून ओल चढत असेल किंवा बाहेरच्या गिलाव्याला चीर असेल. हे काम घरमालकांचं. त्यांना फोटो दाखवा आणि दुरुस्तीआधी नुसता रंग मारू देऊ नका.

फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव दिसलं, तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसतेय. मग बरंच काही तुमच्या हातात आहे. सगळ्यात मोठं कारण बहुधा घरात वाळत घातलेले कपडे. बादलीभर पिळलेल्या कपड्यांतलं लिटर-दोन लिटर पाणी त्याच हवेत जातं. बाळाचे कपडे आहेत, पावसात बाहेर घालता येत नाहीत, हे कळतं मला. पण ते बेडरूममध्ये नकोत. एका खोलीत दोरी बांधा, दार लावून घ्या, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. तासगावकडची बेदाण्याची शेडं बघितली असतील. ती बाजूंनी मोकळी असतात, वारा आरपार फिरतो म्हणून द्राक्षं सावलीतही वाळतात. घरात नेमकं उलटं होतं: कपाट भिंतीला चिकटवलेलं, पलंग कोपऱ्यात. दोन्ही चार बोटं तरी पुढे ओढा. आंघोळीनंतर आणि स्वयंपाकानंतरही एक्झॉस्ट पंधरा मिनिटं चालू द्या. पावसाची झड लागली असताना दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून उपयोग नाही, बाहेरची हवाच दमट असते. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा.

ठिपके कोरड्या फडक्याने झाडू नका, कण खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने घासा, लगेच कोरडं पुसा. फुगलेली पुट्टी मात्र खरवडावीच लागेल. ब्लीच वापरलंत तर त्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल यांनी वास झाकला जातो, पण बंद खोलीतला तो धूर बाळाच्या छातीला वाईट.

डॉक्टरांना घरात बुरशी आहे हे आवर्जून सांगा. आणि बाळाची गादी आजच त्या खोलीतून हलवा.