वाचक विचारतात : जुनी घरगाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

ट्रॅव्हलर, टाटा ४०७ किंवा छोट्या बसमध्ये खाटा, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून केलेल्या घरगाड्या आता आपल्या विदर्भातल्या गावांतही दिसतात. शेगाव, माहूर, पंढरपूर, चिखलदरा असं वर्षातून चार वेळा फिरायचं आणि उरलेले दिवस गाडी खळ्यात उभी. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक अशाच गाड्यांची आहेत.

प्रश्न : आमची २०११ ची ट्रॅव्हलर आहे. नंतर आत चार खाटा, ओटा आणि २०० लिटरची टाकी बसवली. १ लाख ९० हजार किलोमीटर झाले. आता धूर सोडते, चढावर दम लागतो. गॅरेजवाल्यांनी फुल इंजिनाचे (पूर्ण खोलून बांधायचे) १ लाख ८० हजार सांगितले. मोठे भाऊ म्हणतात, एवढा पैसा जुन्यात घालू नको. सात वर्षांची एक तयार गाडी ८ लाखांना मिळते आहे, आणि आमच्या गाडीला २ लाख देणारं गिऱ्हाईक आहे. काय करावं? (वाचक, कारंजा लाड)

उत्तर : इंजिनाचा आकडा आधी बाजूला ठेवा आणि गाडीखाली जा. इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं, अख्खं बदलताही येतं. सडलेला चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि आर.सी.वर (नोंदणी प्रमाणपत्रावर) न चढलेला बदल या दोन गोष्टी मात्र परवडणाऱ्या पैशात सरळ होत नाहीत. तुमचा निर्णय या दोन गोष्टींवर व्हायचा आहे, धुरावर नाही.

गाडी खालून धुऊन दोन दिवस वाळू द्या. नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका, चेसिसखाली स्टँड किंवा जाड ओंडके द्या. हातात टॉर्च, छोटी हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, मागच्या चाकांवरचं चेसिसचं वळण, क्रॉस मेंबरचे (आडव्या पट्ट्यांचे) जोड, पायरीखालचा कोपरा आणि पाण्याच्या टाकीच्या पट्ट्या या जागा ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे. आवाज बसका आला, पापुद्रे निघाले, तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबा. टोक आत शिरलं की ती जागा गेली समजा. क्रॉस मेंबर किंवा हँगर बदलता येतो. चेसिसची मुख्य लांब रेल दोन-तीन ठिकाणी खाल्लेली असेल तर तिच्यावर पत्र्याचं ठिगळ मारून घाट चढू नका. वेल्डिंगच्या कडेला नवी चीर जाते आणि ती भरल्या गाडीतच जाते.

आपल्याकडे समुद्र नाही, मग गंज कुठून येतो? काळ्या मातीतून. रेलच्या खाचेत बसलेला चिखल दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवतो. दुसरं कारण, रिकामी उभी गाडी आहे म्हणून तिच्यात ठेवलेली युरियाची पोती. खताची भुकटी हवेतली ओल ओढते आणि फटीत बसून लोखंड खाते. गाडी गोठ्याला लागून उभी असेल तर जनावरांच्या मुताची वाफही तेच करते. बाहेरून ताजा रंग असेल तर साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. ते जिथे धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

मग आर.सी. काढा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ तपशिलाबाहेरचा बदल केला तर तो आर.टी.ओ.च्या परवानगीने आर.सी.वर चढवावा लागतो. तुमच्या आर.सी.वर अजून आसनसंख्याच असेल आणि आत खाटा असतील, तर पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवेल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी फॉर्म २५ मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत द्यायचा आणि राज्याचा पर्यावरण कर भरायचा. हे सगळं होण्यासारखं आहे का, हे आर.टी.ओ.त विचारून घ्या आणि मगच इंजिन खोला. उलट क्रमाने केलेल्यांचे १ लाख ८० हजार अंगणात उभे राहतात.

आता इंजिन. गरम करून आयडलवर (रेस न देता) ठेवा, ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावर उलटं ठेवा. ते थोडं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली येतो आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि तो बऱ्याचदा एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप किंवा नोझल एवढ्यावर निघतो. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधली पट्टी) पाहा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून मोजून घ्या आणि आकडे कागदावर मागा. एकाच सिलिंडरचा दाब पडला असेल आणि बाकी तीन सारखे असतील, तर आधी हेड उतरवून व्हॉल्व्ह पाहायचे. लगेच फुल इंजिन नाही. हे आकडे न दाखवता जो थेट लाइनर-पिस्टनचा भाव सांगतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये.

वजनही करा. जिनिंगच्या धर्मकाट्यावर टाकी भरून, गादी-भांड्यांसकट, सगळ्यांना बसवून आधी पूर्ण गाडी आणि मग एकेक धुरा (ॲक्सल) काट्यावर घ्या. आर.सी.वरच्या एकूण भारापेक्षा वजन जास्त निघालं, तर चढावरचा दम इंजिनाचा नसून ओझ्याचा असू शकतो. २०० लिटरची टाकी म्हणजे पाण्याचेच २०० किलो. घरून निघताना ४० लिटर घ्या, बाकी मुक्कामाला भरा.

शेवटी हिशेब. इंजिनाबरोबर टायर, ब्रेक, छत आणि बॅटरी यांचे भाव लेखी घ्या आणि बेरजेवर २५ टक्के चढवा, कारण खोलल्यावर काहीतरी निघतंच. समजा सगळं ३ लाख २० हजारांवर गेलं. त्यात आज हाती येऊ शकणारे २ लाख मिळवा, कारण गाडी ठेवणं म्हणजे ते सोडणं. पाच वर्षांनी ती ७५ हजारांना गेली असं धरलं तर वर्षाला ८९ हजार पडले. दुसरी गाडी ८ लाखांची, तिच्यावर सुरुवातीला ६० हजार घाला, पाच वर्षांनी साडेतीन लाख आले असं धरा. वर्षाला १ लाख २ हजार. फरक फक्त १३ हजारांचा आहे. म्हणजे पैशाने हा वाद मिटत नाही, चेसिसने मिटतो. चेसिस आणि कागद ठीक असतील तर तुमचीच गाडी नीट करा. त्यातलं एक जरी पडलं तर इंजिनाला हात न लावता गिऱ्हाइकाला सगळं सांगून २ लाखांत द्या. इंजिनाचं काम केल्याने विकताना तेवढे पैसे परत येत नाहीत.

भाऊंना मात्र एक विचारा, गाडी वर्षात किती दिवस निघते? १२ दिवस असेल तर तुमची जुनी गाडीही दिवसाला ७ हजारांच्या वर पडते. तेवढ्यात भाड्याची गाडी येते.

प्रश्न : आमच्या गाडीच्या छतातून पाणी गयते. डांबरपट्टी लावून झाली, सिलिकॉन मारून झालं, तरी गयतेच. गयते एकीकडं अन् ओल दिसते दुसरीकडं. सारं छतच नवं बसवा लागन काय? (वाचक, दर्यापूर)

उत्तर : कदाचित नाही. पण डांबर आणि सिलिकॉन दोन्ही आधी खरवडावं लागेल, आणि या कामातली खरी मेहनत तीच आहे.

छत पावसाळ्यात गळतं, पण फाटतं मे महिन्यात. ४ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा पहाट ते दुपार ४० अंशांनी तापला तर सुमारे २ मिलिमीटर वाढतो. त्यावरची ॲल्युमिनियमची बीडिंग (कडेची पट्टी) जवळपास दुप्पट वाढते. रोज ही ओढाताण झाली की मधलं सीलंट सुटतं आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी आत येतं. डांबर उन्हात वितळून उताराला जातं आणि फट पुन्हा उघडी पडते. सिलिकॉनवर तर पुढे कोणतंच सीलंट धरत नाही, म्हणून वरून मारलेला प्रत्येक थर वाया गेला.

आधी गळती शोधा. पाइपाने पाणी खालून वर सोडत जा. प्रत्येक जोडावर दहा मिनिटं, आत एकजण टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. सोलर पॅनेलचे बोल्ट, छताचा पंखा आणि कॅरिअरचे पाय यांवर संशय जास्त धरा. पाणी तिथून शिरतं आणि छताखालच्या स्क्वेअर पाइपवरून सरकत दोन-तीन फुटांवर टपकतं. तुम्हाला ओल दुसरीकडे दिसते ती यामुळे.

जागा सापडली की बीडिंग काढा, जुना माल पूर्ण खरवडा, गंज तारेच्या ब्रशने घासा, थिनरने पुसा, इपॉक्सी प्रायमर लावून एक दिवस वाळू द्या. बीडिंगखाली ब्युटाइल टेप, स्क्रू स्टेनलेसचे, आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट. १० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड ओळीला मीटरमागे ६० मिलिलिटर लागतं. ४ बाय २ मीटरच्या छताची कड १२ मीटर, म्हणजे ७२० मिलिलिटर. ६०० च्या दोन नळ्या आणा. हे सीलंट हवेतल्या ओलीने घट्ट होतं, म्हणून मेच्या कोरड्या दुपारी लावू नका. फेब्रुवारी-मार्चची सकाळ चांगली.

आता छत नवं लागेल का ते. आतून प्लाय अंगठ्याने दाबा. वीतभर जागा मऊ असेल तर तेवढाच तुकडा कापून आय.एस. ७१० चा मरीन प्लाय बसवा. चारही कडेने प्लाय मऊ असेल आणि खालचे पाइप गंजून पातळ झाले असतील, तर छत उतरवा. प्लायमध्ये मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त होईपर्यंत नवीन लाकूड आत नेऊ नका.

प्रश्न : परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना काटा लाल पट्ट्यात जातो. सपाटीवर काही नाही. रेडिएटर बदलावा का? (वाचक, अचलपूर)

उत्तर : आधी धुवा. कापूस आणि सोयाबीनच्या दिवसांत बोंडाचे तंतू आणि कुटार रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, कचरा ए.सी.चा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने हवा मारा. दाब जास्त झाला तर पात्या दुमडतात.

आतून गच्च होण्याचं कारण पाणी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीही टाकू नये, नळ्यांत क्षाराचा थर धरतो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. झाकणही तपासा. ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचा रबर गेला तर ते शंभरालाच उकळतं. त्यानंतर थर्मोस्टॅट आणि फॅन क्लच. थंड इंजिन चालू करताच मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तर मात्र हेड गॅस्केट गेलं आहे, आणि नवा रेडिएटर घेऊन काही साधणार नाही.

प्रश्न : १५० ए.एच.ची (अँपिअर-तासांची) बॅटरी, ३३० वॉटचं पॅनेल. पूर्वी रात्रभर पंखा चालायचा, आता फ्रिज घेतल्यापासून पहाटे दोनला सगळं बंद. बॅटरी बदलू का? (वाचक, हिंगणघाट)

उत्तर : १५० ए.एच. म्हणजे १२ व्होल्टवर १,८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे हाती ९००. ३० वॉटचा पंखा दहा तास चालला की ३०० गेले, दिवे आणि मोबाइल दीडशे. ४५ वॉटचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाचे १६ तास चालला तर एकटाच ७२० खातो. बॅटरीचा दोष असेलच असं नाही, हिशेबच बसत नाही. पॅनेलही उन्हात मंदावतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटतं, छतावर ते ७० अंशांना गेलं की १८ टक्के कमी.

तरी बॅटरी तपासा. पूर्ण चार्ज करून रात्रभर सगळं सोडून ठेवा. सकाळी १२.६ व्होल्ट असेल तर ठीक, १२.२ असेल तर तिच्यात निम्मंच राहतं. नवीन घ्यायची झाल्यास दुसरी जुन्या बॅटरीला जोडू नका. जुनी नवीलाही ओढून खाली आणते. आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच, कारण उंदराने वायर कुरतडली तर प्लायची गाडी पेटायला वेळ लागत नाही.

प्रश्न : टायरची नक्षी भरपूर आहे, पण टायर जुने आहेत. बदलावे का? (वाचक, उमरेड)

उत्तर : बाजूवर चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली आणि बाजूला बारीक चिरा दिसल्या की नक्षी कितीही असो, बदला. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात.

प्रश्न : गाडी मोडीतच काढायची ठरली आहे. गावातला भंगारवाला रोख देतो आहे. देऊन टाकू? (वाचक, देसाईगंज)

उत्तर : रोख घेतली तरी आर.सी. तुमच्या नावावरच राहते. चेसिस कुठे दुसऱ्या गाडीखाली गेला तर चौकशी तुमच्या दारी. नोंदणीकृत वाहन-मोड केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवीन खासगी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होतं आणि मोटार वाहन करात केंद्राच्या नियमांप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्यावरच विमा बंद करा.

देण्याआधी सोलर पॅनेल, कंट्रोलर, आतल्या पंखा-दिव्यांची बॅटरी, पंखे, सिंक, पंप, शेगडी आणि गाद्या काढून घ्या. गॅसची नळी मात्र पुढच्या गाडीत नेऊ नका, नवीन घ्या. आतलं अख्खं फर्निचर नव्या गाडीत बसेल या आशेवर राहू नका. खिडक्यांची उंची आणि चाकांवरचा उंचवटा गाडीगणिक बदलतो. खाटांच्या लोखंडी फ्रेम तेवढ्या कापून वापरता येतात.