ग्रीन हायड्रोजन मिशनमुळे 2030 पर्यंत आपल्या गाड्या हायड्रोजनवर चालतील का?

गाडीचं आधी डोक्यातून काढा. तुम्ही लिहिलंय की केंद्राने 19,744 कोटी ठेवलेत, गडकरी साहेब 2022 मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मिराई गाडीत बसून संसदेत गेले, मग आपला नंबर कधी. अहो, जानेवारी 2023 ला मंजूर झालेल्या या मिशनमध्ये गाड्या म्हणजे बस-ट्रकचे थोडे पायलट प्रोजेक्ट, बस. ग्रीन हायड्रोजन म्हणजे सौर-पवनच्या विजेने पाणी फोडून काढलेला. विजेने तो बनवा, 700 बारला, म्हणजे हवेच्या सातशे पट दाबाने टाकीत भरा, गाडीत त्याची परत वीज करा, एवढं करून मूळ विजेतली जेमतेम एक तृतीयांश चाकापर्यंत पोचते. त्यापेक्षा सरळ बॅटरीत भरलेली काय वाईट?

खरं गिऱ्हाईक म्हणजे खत कारखाने आणि रिफायनऱ्या. खतासाठी अमोनिया लागतो आणि तो हायड्रोजनपासूनच बनतो. मी बरीच वर्षं अमोनिया प्लांटला काढलीत म्हणून सांगतो, देशात हायड्रोजन आजही वर्षाला 50 लाख टनांच्या वर लागतो, फक्त तो जवळपास सगळा नैसर्गिक गॅसपासून बनतो. गॅस आणि वाफ रिफॉर्मर नावाच्या भट्टीच्या ट्यूबांमधून जाते, ट्यूबांच्या आत निकेलचा कॅटॅलिस्ट (क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) आणि बाहेरून बर्नरचा जाळ. पीपहोलमधून डोकावलं की ट्यूबांची रांग लाल-नारिंगी दिसते, एखादीवर उजळ डाग दिसला, म्हणजे ट्यूब तिथे जास्त तापली, की शिफ्ट इनचार्जची पळापळ सुरू. यात किलोभर हायड्रोजनमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सरकारच्या व्याख्येप्रमाणे ग्रीन म्हणवून घ्यायला तो 2 किलोच्या आत पाहिजे.

आता गंमत बघा. युरिया करायला अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइड पण लागतो आणि तो त्याच गॅसमधून फुकटात मिळतो. गॅस बंद करून ग्रीन अमोनिया, म्हणजे ग्रीन हायड्रोजनपासून केलेला, आणला तर कार्बन डायऑक्साइड कुठून आणणार? म्हणून सरकारने सुरुवात केली डीएपी आणि एनपीके या दुसऱ्या खतांच्या कारखान्यांपासून, जे तसाही अमोनिया बाहेरून विकत घेतात. सेकी या केंद्राच्या सौरऊर्जा कंपनीने 2025 मध्ये 13 कारखान्यांसाठी मिळून वर्षाला 7.24 लाख टन ग्रीन अमोनियाचे लिलाव केले, त्यात ओडिशातल्या पारादीपच्या कारखान्यासाठी पहिली बोली किलोला 55.75 रुपये आली आणि करार 10 वर्षांचा. इंपोर्टेड अमोनिया बऱ्याचदा याहून स्वस्त पडतो हे खरं, पण 2022 मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर तोच टनाला 1,000 डॉलरच्या पार गेला होता, तेव्हा 10 वर्षं भाव फिक्स मिळतोय ही छोटी गोष्ट नाहीये. माझ्या मते अख्ख्या मिशनमधलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, कारण इथे माल उचलणारा ठरलेला आहे. बाकी नुसते एमओयू, म्हणजे कागदावरचे सामंजस्य करार.

मिशनचं टार्गेट मात्र फार मोठं आहे, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन ग्रीन हायड्रोजन. वरच्या 7.24 लाख टन अमोनियात हायड्रोजन भरतो सव्वा लाख टनांच्या आसपास, म्हणजे टार्गेटच्या अडीच टक्के, काढा हिशोब. किलोला 50 युनिट वीज धरली तरी 50 लाख टनांना 25,000 कोटी युनिट, देशाच्या वर्षाच्या विजेचा साधारण सातवा हिस्सा, आणि सगळी सौर-पवनची पाहिजे, म्हणून तर मिशनमध्ये सोबत 125 गिगावॅट नवीन क्षमता धरलीय. त्यात सूर्य मावळला की काय? एवढं महाग इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडणारं यंत्र, दिवसातले पाच-सहा तासच चालवलं तर भांडवल वसूल व्हायचं कसं, आणि चोवीस तास चालवायचं तर साठवलेली वीज अजून महाग.

पाण्यावरून लोक उगाच घाबरवतात. किलोला 9 लिटर धरलं तर 50 लाख टनांना 1.6 टीएमसी (अब्ज घनफूट) होतं, पुण्याच्या खडकवासला धरणात मावेल एवढं, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून दोन-तीन पट धरा हवं तर. प्रश्न ते कुठून उचलणार हा आहे, म्हणून कांडला, पारादीप, तुतिकोरीन अशी बंदरं हब, म्हणजे ग्रीन हायड्रोजनची केंद्रं, म्हणून पुढे आलीत, तिथे समुद्राचं पाणी गोडं करून वापरता येतं आणि एक्सपोर्टलाही सोपं.

महाराष्ट्रानेही जुलै 2023 मध्ये 8,562 कोटींची पॉलिसी काढली, टार्गेट 2030 पर्यंत वर्षाला 5 लाख टन. आपल्याकडे मुंबईत दोन रिफायनऱ्या आहेत, थळ-ट्रॉम्बेला खत आहे, पण थळला मुख्यतः युरिया, म्हणजे वरची तीच अडचण. तेव्हा माझ्या अंदाजाने रिफायनऱ्या आधी वळतील. 2030 ला 50 लाख टन होतील असं मला वाटत नाही, निम्मे झाले तरी खूप. तुम्हाला गाडी घ्यायचीच असेल तर इलेक्ट्रिक घ्या, हायड्रोजनसाठी थांबू नका.